२१ बाइटांचं गाव

साखरशेत. पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातलं हे गाव. त्याचं नाव संगणकात लिहायला किती जागा लागते? स, काना, ख, र, श, मात्रा, त. एकूण सात खुणा. वेबवर देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. सात त्रिक एकवीस. अख्खं गाव २१ बाइटांत मावलं.

आता हेच नाव एखाद्या वेब ॲपला द्या आणि म्हणा, याचं चित्र करून दे. व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर लिंक टाकली की वर जी आडवी पाटी दिसते, तिचा नेहमीचा आकार १२०० बाय ६३० पिक्सेल. म्हणजे ७,५६,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट, एकूण २२,६८,०००. याला २१ ने भागा. उत्तर येतं १,०८,०००, बाकी शून्य. १०८ मण्यांची जपमाळ हजार वेळा ओढावी, इतकी ही वाढ. आणि एवढं करून पाटीवर वाचायला मिळतं काय? साखरशेत. एक अक्षर जास्त नाही.

अर्थात ही पाटी जशीच्या तशी कोणी पाठवत नाही. १९९६ साली आलेला पीएनजी हा चित्रप्रकार अशा वेळी कामी येतो. सलग पांढऱ्या जागेतले लाखो ठिपके एकेक करून नोंदवण्याऐवजी तो 'इथून तिथवर पांढरं' एवढंच लिहून ठेवतो, आणि बावीस लाखांचा पसारा काही हजार बाइटांवर येतो. आधी एक लाख पटींनी फुगवायचं आणि मग डोकं लावून दाबत बसायचं, असा हा व्यवहार आहे. वेब ॲपमध्ये मजकुराचं किंवा फाइलीचं चित्र होतं, तेव्हा प्रत्येक वेळी हेच घडतं. फक्त आकडे बदलतात.

अडीच कोटी सातबारे

ए-फोर कागद घ्या. छपाईला चालेल अशा नेहमीच्या दर्जाचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाचं त्याचं चित्र करा. रुंदी २,४८० ठिपके, उंची ३,५०८. गुणाकार ८६,९९,८४०. रंगीत असेल तर तिप्पट, म्हणजे २,६०,९९,५२० बाइट. थोडक्यात २६ एमबी.

महाराष्ट्रात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी हेलपाटा घालायची गरज उरली नाही. हे जमलं, कारण सातबारा आता डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून साठवलेला आहे. एका सातबाऱ्याला ४ केबी मजकूर धरला, तर अडीच कोटींचे होतात १०० जीबी. अख्ख्या राज्याचा जमीनजुमला नखाएवढ्या मेमरी कार्डात बसतो.

तेच प्रत्येक सातबाऱ्याचं कच्चं रंगीत चित्र साठवलं असतं तर? अडीच कोटी गुणिले २६ एमबी, म्हणजे ६५२ टीबी. एक टीबीच्या ६५२ हार्ड डिस्क. रंग काढून नुसतं काळं-पांढरं केलं, तरी २७ टीबी उरतात. फॅक्सच्या जमान्यातली दाबण्याची पद्धत वापरून एक पान पन्नासेक केबींवर आणलं, तरी सव्वा टीबी होतातच. म्हणजे सगळी हुशारी खर्च करूनही मजकुराच्या साडेबारा पट.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हा फरक मिनिटांत मोजता येतो. रेंज कशीबशी धरलेली आहे आणि सेकंदाला एक लाख बिट येताहेत असं समजा. ४ केबींचा मजकूर सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात उतरतो. २६ एमबीचं चित्र उतरायला पस्तीस मिनिटं लागतात, तीही रेंज मध्ये गेली नाही तर.

'साहेब, फोटो ५० केबीच्या आत करा'

सेतू केंद्रात अर्ज भरायला बसलेल्याला हा हिशेब वेगळ्या तोंडाने भेटतो. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४,००० बाय ३,०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके टिपतो. कच्चा माल ३६ एमबी. बँक भरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था मात्र फोटो मागते २०० बाय २३० ठिपक्यांचा, वजन २० ते ५० केबी. म्हणजे ४६,००० ठिपके. कॅमेऱ्याने टिपलेल्या दर २६१ ठिपक्यांमागे एक ठिपका अर्जावर पोचतो, बाकीचे २६० वाटेत गळतात. सहीचं माप त्याहून लहान, १४० बाय ६०. आयुष्यभर बँकेत चालणारी सही ८,४०० चौकटींत बसवायची.

त्यातून जेपीईजी प्रकारात फाइल दाबताना चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातल्या ६४ ठिपक्यांऐवजी त्यांतल्या चढउतारांचं गणित साठवलं जातं आणि डोळ्याला जाणवणार नाही असा बारीक भाग टाकून दिला जातो. गालावर, आभाळावर हे खपतं. अक्षराच्या काठाला खपत नाही, कारण तिथे काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर उडी असते. म्हणून फार दाबलेल्या दाखल्यावर अक्षरांभोवती राखाडी माशा बसल्यासारख्या दिसतात आणि खिडकीतून उत्तर येतं, 'अस्पष्ट आहे, परत अपलोड करा.'

प्‌राथमकि आरोग्‌य केंद्‌र

वरच्या मथळ्यात छपाईची चूक नाही. मजकुराचं चित्र करणाऱ्या सर्व्हरला देवनागरीची जुळणी येत नसेल, तर तो नेमकं असंच काढतो. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम झालं. आपल्याकडे पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि काढावी लागते त्याच्या आधी. जोडाक्षरात तीन खुणांचा मिळून एकच आकार होतो. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण नऊ बाइट, कागदावर मात्र एकच घास. ही उलथापालथ करायला हार्फबझसारखी जुळणी करणारी यंत्रणा लागते. सर्व्हरवर ती जोडलेली नसेल, तर 'प्राथमिक'ची वेलांटी म सोडून क ला चिकटते आणि द्र, ग्य उकलून पडतात.

गंमत अशी, की 'साखरशेत' या परीक्षेत बिनधोक पास होतं. त्यात ना वेलांटी, ना जोडाक्षर. 'मोखाडा'ही सुटतं, 'पालघर'ही. 'जव्हार' फसतं आणि 'विक्रमगड' तर दोनदा फसतं. चाचणीला साधी नावं घेतली, तर ॲप बनवणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं आणि पहिलं प्रमाणपत्र छापल्यावर बोंब होते.

१६ बाय १६ चं विश्व

आता एकच अक्षर घेऊ, 'सा'. ते १६ बाय १६ च्या चौकटीत, २५६ घरांत बसवू. प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. अशा चौकटीत एकूण किती वेगवेगळी चित्रं निघतील? दोनचा २५६ वेळा गुणाकार. ही संख्या ७८ अंकी आहे. दृश्य विश्वातल्या अणूंचा ढोबळ अंदाज ८१ अंकी सांगितला जातो. बोटाच्या पेरावर मावणारी चौकट विश्वाच्या जवळपास पोचली. आता चौकटीला एक आडवी आणि एक उभी ओळ जोडा, १७ बाय १७ करा. घरं वाढली फक्त ३३. चित्रं वाढली सुमारे ८५९ कोटी पट. संख्या ८७ अंकी झाली, विश्वातले अणू मागे पडले.

साध्या फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येकाला १,६७,७७,२१६ रंगांची मुभा असते. तिथे शक्य असलेल्या चित्रांची संख्या किती, हे लिहायलाच जवळपास दीड कोटी अंक लागतात. पानाला तीन हजार अंक छापले, तरी पाच हजार पानांचा ग्रंथ होईल, आणि त्यात असेल फक्त एक संख्या.

या अफाट ढिगाऱ्यात 'सा' असं वाचता येईल अशी चित्रं कोट्यवधी असतील, तरी ढिगाऱ्याच्या मानाने ती नगण्यच. मजकुराचं चित्र करणं म्हणजे त्यांतलं एक उचलणं, ते सोपं. दिलेलं चित्र त्यांतलं आहे की नाही हे ओळखणं, ते अवघड.

३०० केबीचा बॉम्ब

दाबलेलं चित्र पुन्हा उघडताना काय होतं, याकडे पुष्कळांचं लक्ष नसतं. पीएनजीच्या आत दाबण्याची जी पद्धत आहे ती जास्तीत जास्त १,०३२ पटींपर्यंत दाबू शकते. ५०,००० बाय ५०,००० ठिपक्यांचा एक कोरा पांढरा चौकोन घ्या. अडीच अब्ज ठिपके. दर ठिपक्याला एक बिट धरला तर ३१ कोटी २५ लाख बाइट, आणि दाबून साधारण ३०० केबी. '५०० केबीच्या आतली फाइल चालेल' असं म्हणणाऱ्या कुठल्याही अर्जात ती अलगद शिरते. मग सर्व्हर तिचा छोटा नमुना बनवायला ती उघडतो, प्रत्येक ठिपक्याला मेमरीत चार बाइट देतो, आणि १० जीबी मागत कोसळतो.

म्हणून पायथॉनमधली पिलो ही चित्रांची लायब्ररी ८,९४,७८,४८५ ठिपके ओलांडले की इशारा देते आणि त्याच्या दुपटीपुढे फाइल उघडायलाच नकार देते. आकडा विचित्र दिसतो, पण सरळ हिशेबाचा आहे. ठिपक्याला तीन बाइट धरले तर पाव जीबीत एवढेच मावतात. फाइलीचं वजन पाहून तिला आत घेणं पुरत नाही, उघडल्यावर ती किती जागा अडवील हे आधी विचारावं लागतं.

दोन त्रिकोण, एक गोल

चित्र म्हटलं की ठिपके आलेच, असंही नाही. जव्हार-मोखाड्याच्या याच डोंगरपट्ट्यात त्याचा पुरावा भिंतींवर आहे. वारली चित्रातला माणूस पाहा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल, दोन हात, दोन पाय. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी हीच रेघ जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हा माणूस संगणकाला सांगायचा तर त्रिकोणांचे सहा बिंदू, हातापायांना कोपर-गुडघ्यासकट प्रत्येकी तीन म्हणजे बारा बिंदू, आणि गोलाचा मध्य व त्रिज्या. सगळे मिळून ३९ आकडे. वेबवरच्या एसव्हीजी या प्रकारात हे चारेकशे बाइटांत लिहून होतं, आणि मोबाइलवर दाखवा नाहीतर दहा फूट बाय आठ फुटांच्या भिंतीवर, फाइल चारशे बाइटांचीच राहते. तीच भिंत इंचाला शंभर ठिपक्यांनी भरली, तर ११ कोटी ५२ लाख ठिपके लागतात, म्हणजे ३४ कोटी ५६ लाख बाइट. फरक ८,६४,००० पटींचा, आणि पिलोचा इशारा मिळतो तो वेगळाच. तारपा नाचाचा शंभर जणांचा फेर धरायचा असेल, तर माणूस एकदाच सांगायचा आणि बाकी नुसत्या शंभर जागा सांगायच्या. चार-साडेचार केबींत नाच उभा राहतो.

क्यूआर कोडमध्येही असंच शहाणपण आहे. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत तो जन्माला आला. त्याच्या सगळ्यात मोठ्या अवतारात १७७ बाय १७७, म्हणजे ३१,३२९ घरं असतात आणि २,९५३ बाइट मावतात. देवनागरीच्या हिशेबात ९८४ खुणा. दिसायला चित्र, पण आतला मजकूर शाबूत, शिवाय थोडी घरं खराब झाली तरी भरून काढायची सोय.

परतीचा रस्ता

साध्या चित्राला मजकूर असा शाबूत ठेवायची सोय नसते. आतली अक्षरं आधी ओळखून घेतल्याशिवाय त्यात शोध घेता येत नाही, बेरीज करता येत नाही, दृष्टिहीन माणसाला मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही. हाताने लिहिलेले जुने फेरफार किंवा मोडीतले कागद यांचं चित्र करावंच लागतं, दुसरा इलाज नसतो. पण जो मजकूर आधीच टाइप झालेला आहे त्याचंही चित्र करून अपलोड होतं, आणि पुढे कोणाला तरी त्याचा मजकूर परत काढायला बसावं लागतं.

टेसरॅक्टसारखी अक्षरं ओळखणारी साधनं मराठी वाचतात. शंभरात नव्व्याण्णव अक्षरं बरोबर आली, तर आपण शाबासकी देऊ. पण एका सातबाऱ्यावर हजार अक्षरं-आकडे धरले, तर नव्व्याण्णव टक्के म्हणजे एका उताऱ्यावर दहा चुका. अडीच कोटी उताऱ्यांवर पंचवीस कोटी. साधन दहापट सुधारून हजारात एकच चूक करू लागलं, तरी अडीच कोटी चुका उरतात. म्हणजे सरासरी प्रत्येक सातबाऱ्यावर एक. ती 'शेत' या शब्दात पडली तर वाचणारा मनात दुरुस्त करून पुढे जाईल. क्षेत्राच्या रकान्यात पडली आणि ९ चा १ झाला, तर ०.९० हेक्टरचं ०.१० होतं, सव्वादोन एकरांचे दहा गुंठे उरतात, आणि ती चूक दुरुस्त करून घ्यायला शेतकऱ्याला तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागतात.