नवा प्रोसेसर आणि बीडचा बँजोवाला

बीड जिल्ह्यातून दरवर्षी टोळ्या बाहेर पडतात, हे महाराष्ट्राला आता नव्याने सांगावयास नको. दसऱ्याच्या पुढेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरांत संसार घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यावर लेख झाले, अहवाल झाले, चर्चासत्रेही झाली. परंतु याच जिल्ह्यातून आणखी एका जातीची टोळी निघते, आणि तिच्याकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे सहसा लक्ष जात नाही. तुळशीचे लग्न लागले, की ती गावोगाव हिंडू लागते. एका 'छोट्या हत्ती'त ती मावते. पुढे जनरेटर, मध्ये कर्णे आणि ढोल, मागे दाटीवाटीने बसलेली आठ-दहा पोरे. ही बँजो पार्टी.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. कला शाखेची पदवी घेऊन त्याला काही वर्षे झाली. आईवडील अजून कोयता घेऊन जातात. हा मात्र जात नाही, कारण तो बँजो वाजवितो आणि पार्टीचा धनीही तोच आहे. फराळ होईपर्यंत तो इकडचे तिकडचे बोलला. मग खिशातून मोबाइल काढून त्याने मला एका यंत्राचे चित्र दाखविले आणि विचारले, "सर, जुना प्रोसेसर सेकंडहँड मिळतोय. आत्ताच घेऊ, का नवा येतोय त्याची वाट बघू?"

भांडवली वस्तू केव्हा घ्यावी, हा प्रश्न मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचे उत्तर असे कोणी घरी येऊन मागितले नव्हते. उत्तर देण्यापूर्वी मला बऱ्याच गोष्टी त्याच्याकडूनच शिकाव्या लागल्या.

प्रथम बँजोविषयी. आपल्याकडे ज्याला बँजो म्हणतात, त्याचा अमेरिकेतील त्या नावाच्या गोल वाद्याशी संबंध नाही. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचे मूळ जपानी आहे. नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. त्या वर्षी जपानात ताइशो सम्राटाची राजवट सुरू झाली, म्हणून ते नाव. बलुचिस्तानात हेच वाद्य 'बेंजू' झाले. महाराष्ट्रात ते बँजो झाले, त्याला पिकअप बसला, वायर जोडली गेली, आणि घरात बसून वाजवायचे हे नाजूक वाद्य वरातीच्या पुढे चालू लागले. कचेरीतल्या टंकलेखकाची कळ वरातीत येऊन पोचावी, हा प्रवास लेखनिक वाचकांना गमतीचा वाटेल.

परंतु नुसत्या तारेचा आवाज ढोल-ताशांपुढे टिकत नाही. तो पातळ पडतो. म्हणून बँजो आणि कर्णा यांच्यामध्ये एक यंत्र येते. बँजोवाले त्याला 'प्रोसेसर' म्हणतात. ते बँजोसाठी बनलेले नसते, ते गिटारसाठी बनलेले असते. येथून आपल्याला थोडे गिटारवाल्यांच्या मुलखात जावे लागेल.

विजेच्या गिटारचा आवाज मोठा करण्यासाठी पूर्वी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर वापरीत. ज्यांनी ग्रामपंचायतीचा जुना रेडिओ पाहिला असेल, त्यांना व्हॉल्व्ह ठाऊक आहे: बटण दाबल्यावर काच तांबूस होईपर्यंत थांबावे लागे आणि मगच बातम्या सुरू होत. या व्हॉल्व्हवर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला, की आवाज फाटतो. अभियंत्याच्या दृष्टीने तो दोष. पण वादकांना नेमका हा फाटका, भरदार आवाजच आवडू लागला. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जो अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बासमन'वरून बेतलेला होता. पुढे अशा नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांचा आवाज संगणकाने हुबेहूब काढावा, असा प्रयत्न सुरू झाला. म्हणजे नकलेचीही नक्कल आलीच. तारेचा विद्युत्-संदेश सेकंदाला सुमारे ४८ हजार वेळा मोजावयाचा, व्हॉल्व्हने त्याचे काय केले असते याचे गणित तिथल्या तिथे करावयाचे आणि सेकंदाच्या काही हजारांश भागात तो कर्ण्याकडे पाठवावयाचा, हे या यंत्राचे काम. गिटारवाले त्याला 'मॉडेलर' म्हणतात. लाइन सिक्स कंपनीचा 'पॉड' १९९८ साली आला. फ्रॅक्टल ऑडिओचा 'अ‍ॅक्स-एफएक्स' २००६ साली. जर्मनीचा 'केंपर' २०११ साली. केंपरमध्ये आपल्याच घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज टिपून ठेवण्याची सोय झाली.

आता या क्षेत्रात अपेक्षा हाच मोठा व्यवहार होऊन बसला आहे. लाइन सिक्सचे 'हेलिक्स' २०१५ साली बाजारात आले. त्याची पुढची पिढी 'हेलिक्स स्टेडियम' जाहीर व्हायला २०२५ साल उजाडले. फिनलंडच्या न्यूरल डीएसपी कंपनीने 'क्वाड कॉर्टेक्स' जानेवारी २०२० मध्ये दाखविले आणि वादकांच्या हाती ते दुसऱ्या वर्षी पडले. मधल्या काळात वादक काय करतात? ते अपेक्षा करतात. पडदा मोठा हवा, गणित अधिक वेगाने व्हावे, जुन्या यंत्रात वर्षानुवर्षे जुळवून ठेवलेले आवाज नव्यात चालावेत, आणि मुख्य म्हणजे बोटांखाली खऱ्या व्हॉल्व्हचा भास व्हावा. ही यंत्रे आपल्याकडे येईपर्यंत किंमत लाखाच्या पुढे जाते. तरी कंपनीने घोषणा केली, की त्याच दिवसापासून हातातले चांगले चालते यंत्र मालकाला जुनाट वाटू लागते.

अर्थशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. केन्स यांनी 'जनरल थिअरी'च्या अकराव्या प्रकरणात १९३६ सालीच लिहून ठेवले, की आज घेतलेल्या यंत्राला आपल्या आयुष्यात उद्याच्या स्वस्त वा सुधारलेल्या यंत्राशी स्पर्धा करावी लागते. म्हणून उद्याची अपेक्षा आजच्या गुंतवणुकीचा लाभ कमी करते. नेथन रोझेनबर्ग यांनी १९७६ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मधील लेखात हेच सूत्र पुढे नेले: तंत्र झपाट्याने सुधारत असेल, तर सुधारणेची अपेक्षाच त्याचा स्वीकार लांबविते. शहाणा माणूस थांबतो. सगळेच शहाणे झाले, तर कोणीच घेत नाही. (एका महाविद्यालयात विभागासाठी संगणक घ्यावयाचा होता. दरवर्षी 'पुढच्या वर्षी चांगला येईल' म्हणून ठराव पुढे ढकलला गेला, आणि अखेर तो निधी परत गेला. महाविद्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. त्या समितीत प्रस्तुत लेखकही होता.)

मी हे सिद्धांत विद्यार्थ्याला सांगू लागलो. त्याने मुकाट ऐकले आणि वही पुढे केली. मार्गशीर्षात पाच सुपाऱ्या पक्क्या होत्या, इसार घेतलेला होता. एका सुपारीतून टेंपोभाडे, जनरेटरचे डिझेल, पोरांचे जेवण आणि प्रत्येकाची हजेरी गेल्यावर धन्याला जे उरे, ते पाहून मला माझ्या वेतनाची लाज वाटली. त्याच्याजवळचा प्रोसेसर मागल्या हंगामात दोनदा वरातीतच बंद पडला होता. बँजो बंद पडला की वरात थांबते. नवरदेवाकडचे लोक पैसे कापतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला ही बातमी आपोआप पोचते. "सर, गिटारवाला थांबला तर त्याचा छंद थांबतो," तो म्हणाला, "मी थांबलो तर दहा माणसं थांबतात."

शिवाय त्याच्यासमोर डीजे उभा आहे. डीजेला एक माणूस आणि एक यंत्र पुरते. बँजो पार्टीला आठ-दहा हात लागतात. हे हात बहुतेक भूमिहीन कुटुंबांतले असतात. घरात हलगीची परंपरा असलेली पोरे ढोलावर, पॅडवर आलेली असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या निकालाने रात्री दहानंतर सर्वांचाच आवाज बंद केला. तथापि दिवसा तरी बँजोचा सूर डीजेच्या भिंतीपुढे उठून दिसला पाहिजे, आणि तो उठून दिसणे या विटेएवढ्या यंत्रावर अवलंबून आहे. दहा माणसांचा रोजगार त्या एका यंत्राच्या भरवशावर चालतो.

मग मी त्याला विचारले, नव्या यंत्राकडून तुझ्या अपेक्षा काय? त्याने जे सांगितले, त्यातले एकही कलम गिटारवाल्यांच्या यादीत सापडणार नाही. गिटारवाला मंचावर उभा असतो, म्हणून ही यंत्रे पायाने दाबायची असतात. बँजोवाला वरातीबरोबर चालत असतो, त्याचे यंत्र गाड्यावर ठेवलेले असते, त्याला हाताने दाबायची मोठी बटणे हवीत. जनरेटरवर भार आला आणि वीज क्षणभर दबली, तरी यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होता कामा नये. पडदा एप्रिलच्या उन्हात दिसला पाहिजे. गुलाल आणि भंडारा फटीत जाऊ नये. शेकडो अ‍ॅम्प्लिफायरांच्या नकला त्याला नकोत, चार-पाच आवाज पुरतात. पण ते चार-पाच बँजोच्या तारेला मानवणारे हवेत. आणि बिघडले तर दुरुस्ती निदान छत्रपती संभाजीनगरला व्हावी.

यातली कोणतीही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड एवढेच, की ज्या कंपन्या ही यंत्रे बनवितात, त्यांच्या ग्राहकांच्या नकाशावर बीड नाही. आणि ज्यांच्या नकाशावर बीड असावयास हवे, ते आपले उद्योजक हे यंत्र बनवीत नाहीत. असे करता येत नाही असे मात्र नव्हे. बंगळूरचे जी. राज नारायण हे स्वतः बासरीवादक आणि अभियंते. त्यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आणि पाहता पाहता तो रियाजाच्या खोल्यांत शिरला. त्यांनी कोणा परक्याच्या यंत्राला तानपुऱ्याचे काम लावले नाही. साथीला माणूस नसताना गायकाची काय अडचण होते हे ओळखून यंत्र घडविले. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना त्यामुळे स्पर्धा निर्माण झाली असेल, पण मिरजेचा तानपुरा नाहीसा झाला नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. शास्त्रीय संगीताला आपला अभियंता भेटला. वरातीच्या संगीताला अजून भेटलेला नाही, आणि याचे कारण संगीतात नसून प्रतिष्ठेत आहे असा माझा तर्क आहे. बँजोवाला बाजारपेठ आहे, हेच आपण मान्य केलेले नाही.

सरकारी दप्तरात मात्र तो आहे. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ साली, हाताने घडविलेल्या देशी वाद्यांची एक करमुक्त यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीत बुलबुलतरंगाचे नाव आहे. म्हणजे जपानात जन्मलेले हे वाद्य कायद्याने देशी ठरले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ज्या यंत्राशिवाय आज ते वरातीत ऐकूच येत नाही, ते यंत्र आयात केलेले, आणि त्यावर सीमाशुल्क व कर दोन्ही. तार करमुक्त आणि तारेचा आवाज करपात्र, अशी ही व्यवस्था आहे.

आमच्या विद्यार्थ्याने अखेर थांबायचे नाही असे ठरविले. यात माझ्या सल्ल्याचा वाटा थोडा. त्याला मिळत असलेले जुने यंत्र पुण्यातील एका महाविद्यालयीन गिटारवादकाचे होते. तो मुलगा ते का विकतो आहे, हे मी मुद्दाम विचारले. कारण ऐकून मला केन्सचे ते प्रकरण पुन्हा उघडावेसे वाटले: त्याला नव्या मॉडेलची वाट पाहावयाची होती आणि त्यासाठी तो आतापासून पैसे जमवीत होता. जूनमध्ये अमेरिकेत एक घोषणा झाली, पुण्यातल्या एका खोलीतले चालते यंत्र ऑक्टोबरपर्यंत जुने झाले, आणि त्याची किंमत बीडच्या बँजोवाल्याच्या आवाक्यात आली. एकाच्या अपेक्षेवर दुसऱ्याची सोय झाली, असे म्हणता येईल. पण त्या सोयीबरोबर पायाने दाबायची बटणेही आली.

मार्गशीर्षात गेवराईच्या बाजूला एका लग्नात ते यंत्र मी प्रत्यक्ष पाहिले. गाड्याच्या कडेला सुतळीने बांधलेले, वरून प्लॅस्टिकची पिशवी ताणून गुलालापासून झाकलेले. अंगठा लागावा म्हणून बटणांवर रबरी चपलेचे तुकडे चिकटविले होते. पडद्यावर त्या पुण्याच्या मुलाने आपल्या आवाजांना दिलेली इंग्रजी नावे तशीच होती. याने ती पुसली नव्हती, फक्त प्रत्येक बटणाखाली कागदाची चिठ्ठी लावली होती. एकीवर 'हळद' लिहिले होते, दुसरीवर 'वरात', तिसरीवर 'जयंती'. चौथी चिठ्ठी कोरी होती.