भीमेचें पाणी आणि आपले लोकप्रतिनिधि

जमिनीची हद्द दगड पुरून ठरवितां येते. नदीच्या पाण्याची ठरवितां येत नाहीं. गांवनमुना बारामध्यें पिकास पाणी कशाचें, विहिरीचें कीं कालव्याचें, याची नोंद असते. महसुलाच्या दप्तरांत काम करतांना ती नोंद आम्हीं हजारों वेळां वाचली. परंतु तें पाणी कसें आहे, हें लिहिण्यास तेथें रकाना नाहीं. हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील बागाइतदारांस आज याच प्रश्नाचें उत्तर हवें आहे.

पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांचें सांडपाणी मुळा, मुठा व पवना या नद्यांत उतरतें, आणि त्यांतील बराच भाग शुद्ध न होतांच पुढें जातो. मुळामुठा रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळते. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणांत हेंच पाणी सांठतें. सोलापूर शहर तें पितें. पंढरपुरास वारकरी जिच्यांत स्नान करतात ती चंद्रभागाही हीच. पुढें कांहीं अंतर ही नदी महाराष्ट्र व कर्नाटक यांची सीमा होते, आणि कलबुर्गी व यादगीर जिल्ह्यांतून जाऊन रायचूरनजीक कृष्णेस मिळते.

सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हें पिकाचें खाद्य खरें. परंतु संथ पाण्यांत त्यावर जलपर्णी व शेवाळ माजतें, तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो व मासे मरतात. साबणसोड्याचे क्षार काळ्या जमिनींत सांचले म्हणजे तिचा निचरा बिघडतो. मुंढव्याहून प्रक्रिया केलेलें पाणी वर्षास ६.५ अब्ज घनफूट जुन्या कालव्यांत सोडावें, व त्याच्या मोबदल्यांत शहरानें धरणाचें पाणी घ्यावें, अशी योजना आहे. ती न्याय्य आहे, परंतु प्रक्रिया पुरी झाली तरच. कालव्यास घाण पाणी येतें ही शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे.

कृष्णेच्या खोऱ्याची वांटणी बच्छावत लवादानें केली: महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्रास ८०० अब्ज घनफूट. घनफुटांचा हिशेब झाला. पण मिळणारें पाणी स्वच्छ असावें याची हमी कोणी घ्यावयाची? १९७४ च्या कायद्यानें झालेल्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांचा अंमल आपापल्या राज्यापुरता चालतो. १९५६ च्या नदी मंडळ कायद्यांत मात्र उपाय सांगितला आहे. राज्यांच्या विनंतीवरून केंद्र सरकारास आंतरराज्य नदीकरितां मंडळ स्थापतां येतें, आणि प्रदूषण रोखण्याविषयीं सल्ला देणें हें त्याच्या कामांपैकीं एक आहे. परंतु या कायद्याखालीं आजवर एकही मंडळ झालेलें नाहीं!

युरोपांत ऱ्हाईन नदीकांठच्या राष्ट्रांनीं १९५० सालीं संयुक्त आयोग नेमला. १९८६ सालीं बाझेल येथें रसायनांच्या वखारीस आग लागून नदींतील मासे मेले, तेव्हां त्यांनीं एकत्र बसून १९८७ सालीं कृतीचा कार्यक्रम ठरविला. पुढें त्या नदींत सॅमन मासा परत आला. निरनिराळ्या राष्ट्रांस जें साधलें, तें एका देशांतील राज्यांस कां साधूं नये?

म्हणून आमदार व खासदार यांजकडे तीन मागण्या कराव्यात. पहिली, भीमेसाठीं नदी मंडळ स्थापावें असा ठराव विधिमंडळानें करावा व कर्नाटकाशींही बोलणें करावें. दुसरी, पुणें, दौंड, उजनी व राज्याची सीमा येथें दोन्ही राज्यांनीं मिळून पाणी तपासावें, आणि आंकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. तिसरी, सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रें उभारण्यास जसा पैसा मंजूर होतो, तसा तीं अखंड चालविण्यासही व्हावा.

आपलेंही अंग यांत आहे. उंसास अवाजवी खत टाकून जास्तीचें पाणी ओढ्यांत सोडणारा शेतकरी शहरास दोष देण्यास मोकळा राहत नाहीं. आपला बांध आधीं नीट करावा, आणि मग मतें मागावयास येणाऱ्यास एकच विचारावें: आमच्या कालव्यांत कसें पाणी येईल, याचा जबाब तुम्ही सभागृहांत मागाल काय?