रोह्याचे चिंतामणराव आणि दिल्लीचं खुलं व्यासपीठ

पेणची गणपतीची मूर्ती दर वर्षी जहाजाने परदेशी जाते. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा दगडी कोळसा धरमतरच्या खाडीतून येतो. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांना जगातल्या भावांवर नजर ठेवावीच लागते. जगाचं राजकारण पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या दारात असं रोज येऊन उभं राहतं. त्यावर शांतपणे, अभ्यासाने बोलण्याची देशातली एक मोठी जागा ज्यांनी घडवली, ते चिंतामणराव देशमुख याच मातीतले होते.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. घराणं मात्र रोह्याचं. १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले आणि आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

जुलै १९४४. अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे ४४ देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची घडी बसवत होते. भारत अजून पारतंत्र्यात होता, तरी त्याचं शिष्टमंडळ तिथे होतं आणि देशमुख त्यात होते. युद्धकाळात ब्रिटनकडे भारताची प्रचंड स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे पौंडांतली येणी, साचली होती. ती मोकळी करून घेण्याची वाट या नव्या निधीतून निघावी, असा भारताचा आग्रह होता. ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी हा प्रश्न दोन देशांनी आपसात सोडवावा, अशी भूमिका घेतली आणि मागणी मान्य झाली नाही. तरीही गुलाम देशाच्या माणसांनी जगाच्या टेबलावर आपला हिशेब मांडला होता. मांडणी पक्की असेल तर हरलेला मुद्दाही नोंदला जातो, आणि देशमुखांचं पुढचं सगळं संस्थाकार्य मला याच जातकुळीचं वाटतं.

१९५२ ला कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. अर्थमंत्री असताना मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पदापेक्षा मत मोठं मानणारा हा माणूस होता. सुरुवातीला म्हटलेली ती जागा म्हणजे दिल्लीचं इंडिया इंटरनॅशनल सेंटर. त्याची धुरा अशाच माणसाकडे यायला हवी होती, आणि अध्यक्ष म्हणून ती देशमुखांकडेच आली.

जॉन रॉकफेलर तिसरे यांनी १९५८ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्यापुढे या सेंटरची कल्पना मांडली. डोळ्यांसमोर टोकियोचं 'इंटरनॅशनल हाउस' होतं. ३० नोव्हेंबर १९६० ला जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १९६२ ला राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. वास्तुकार जोसेफ ॲलन स्टाइन यांनी लोदी बागेला लागून ठेंगणी, दगडी इमारत बांधली. तिला निळ्या जाळ्या आहेत, मधे चौक आहेत आणि झाडी तर अगदी भिंतींना भिडलेली आहे. वनस्पतिशास्त्रात रमलेल्या अध्यक्षाला शोभेल अशीच ही वास्तू आहे.

हे सेंटर सरकारचं खातं नाही आणि कुठल्या पक्षाचा अभ्यासगटही नाही. इथे ग्रंथालय आहे, देशोदेशीच्या अभ्यासकांना उतरायला खोल्या आहेत, व्याख्यानं आणि परिसंवाद होतात, त्रैमासिक निघतं. मुत्सद्दी, अर्थतज्ज्ञ, लेखक आणि सरकारचे टीकाकार एका छताखाली बसतात. धोरणाचा मसुदा लिहून देणाऱ्या संस्था दिल्लीत पुष्कळ आहेत. परस्परविरोधी मतांना समोरासमोर बसवणाऱ्या मोजक्याच, आणि माझ्या मते त्यांचं काम जास्त अवघड आहे. सेंटरच्या सभागृहाला आज देशमुखांचं नाव आहे.

रोह्यातही त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पेण-रोह्याच्या प्राध्यापकांना आणि उद्योजकांना माझी एकच विनंती आहे: परराष्ट्र व्यवहारावर वर्षातून एक तरी व्याख्यान इथे भरवा, मराठीत, आणि प्रश्न विचारण्याचा पहिला मान विद्यार्थ्यांना द्या.