किती उजेड नव्हे, किती रात्री

चार्जिंगचा कंदील विकणारा दुकानदार बहुधा एकच प्रयोग करून दाखवतो. बटण दाबून दिवा सर्वांत प्रखर उजेडावर लावतो आणि गिऱ्हाइकाचे डोळे दिपतात. खोक्यावरही मोठ्या अक्षरांत ल्युमेनचाच आकडा छापलेला असतो, ५००, १००० किंवा त्याहूनही मोठा. दिव्याची निवड इथेच चुकते, असं माझं मत आहे. रानातल्या मुक्कामासाठी असो की वादळवाऱ्यात गेलेल्या विजेसाठी, दिव्याचा कस लागतो तो त्याच्या मंद उजेडावर. पुन्हा चार्ज न करता त्या उजेडावर तो किती रात्री निभावून नेतो, हा पहिला प्रश्न. तो किती झगझगतो, हा फार पुढचा.

असं म्हणण्याला कारण आहे. २०२० या एकाच वर्षात महाराष्ट्राने अंधाराचे दोन अगदी वेगळे प्रकार पाहिले. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या परिसराची वीज एकाएकी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, पण शहराच्या बऱ्याच भागात काही तासांत पुरवठा सुरू झाला. त्याआधी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, तारा झाडांखाली गाडल्या गेल्या आणि कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. पहिल्या प्रकाराला बाजारात मिळणारा ‘इन्व्हर्टर बल्ब’सुद्धा पुरतो. नेहमीच्याच होल्डरमध्ये बसतो, वीज गेली की आतल्या सेलवर तीन-चार तास जळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तेवढंही नको. पण दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टरही हात टेकतो, कारण त्यालाही भरायला वीजच लागते. कंदील विकत घ्यायचा तो या दुसऱ्या अंधारासाठी. गडाच्या माचीवर दोन-तीन रात्रींचा मुक्काम असतो, तिथेही जवळ प्लग नसतो, म्हणून गरज नेमकी तीच.

आता थोडा हिशेब करावा लागेल, आणि तो शाळेतल्या गणितापलीकडचा नाही. बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. सेलवर लिहिलेल्या एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॉट-तास मिळतात. अशा कंदिलांत सर्रास वापरला जाणारा १८६५० जातीचा लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टचा असतो. तो २६०० एमएएचचा असेल तर साधारण साडेनऊ वॉट-तास झाले. वाटेत होणारी गळती वजा केली तर आठ धरू. चांगला एलईडी एका वॉटमध्ये शंभरेक ल्युमेन उजेड देतो. म्हणजे हा कंदील ५०० ल्युमेनवर लावला तर जेमतेम दीड तास, १०० ल्युमेनवर आठ तास आणि २५ ल्युमेनवर तीस तासांच्या आसपास जळेल. रोज रात्री सहा तास धरले तर त्याच सेलवर पाच रात्री. प्रत्यक्षात हे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण प्रमाण असंच राहील. दुकानात दिपवणारा उजेड एका संध्याकाळीत संपतो. याच हिशेबाने खोटं बोलणारा सेलही पकडता येतो. १८६५० आकाराच्या सेलमध्ये आज जास्तीत जास्त सुमारे ३५०० एमएएच मावतात, मग त्यावर ९९०० छापलेलं असेल तर तो माल तिथेच परत करावा.

खोक्यावर तासांचा आकडाही असतो, असं कुणी म्हणेल. असतो, पण तो कसा मोजला ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. टॉर्च आणि कंदिलांसाठी अमेरिकेतलं एएनएसआय एफएल-१ हे मानक बऱ्याच नामांकित कंपन्या पाळतात. दिवा लावल्यापासून त्याचा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ त्यात चालण्याचा काळ म्हणून धरला जातो. त्यामुळे १००० ल्युमेन आणि सहा तास हे दोन्ही आकडे प्रामाणिक असूनही गिऱ्हाइकाची फसगत होऊ शकते. पहिला अर्धा तास हजार आणि उरलेला सगळा वेळ शे-दीडशे, असंही त्यात बसतं. जो उत्पादक मंद, मध्यम, प्रखर अशा प्रत्येक पातळीचे ल्युमेन आणि तास वेगवेगळे छापतो आणि बॅटरीचे वॉट-तास सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. नुसताच एक भला मोठा आकडा छापणाऱ्यावर ठेवू नये.

पंचवीस ल्युमेनमध्ये दिसतं तरी काय, हा खरा आक्षेप. माझं उत्तर असं की पुष्कळ दिसतं. वातीच्या कंदिलाचा उजेड शंभर ल्युमेनच्या आतलाच असे, आणि त्या उजेडात या राज्याच्या पिढ्यान् पिढ्यांनी स्वयंपाक केला, अभ्यास केला, गोठ्यातल्या गाई सोडवल्या. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यानंतर मंद दिव्यातही माणसांचे चेहरे, भांडी, औषधांच्या पट्ट्या ओळखता येतात. दिवा पांढऱ्या छताकडे तोंड करून ठेवला की उजेड खोलीभर पसरतो. बारीक अक्षर वाचायला किंवा जखम बांधायला शंभर ल्युमेन हवेत, पण ते तेवढ्या वेळापुरते. रानात तर प्रखर पांढरा दिवा त्रासच देतो. त्यातल्या निळसर अंशाकडे किडे अधिक झेपावतात, म्हणून पिवळसर उजेड बरा. मेच्या अखेरीपासून भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं. काजव्यांचे नर लुकलुकून मादीला साद घालतात, माणसांच्या दिव्यांच्या झोतात ती साद हरवते. तिथे दिवा तंबूच्या आत, तोही सर्वांत मंद ठेवणं हीच सभ्यता. विंचू-सापांची भीती खोटी नाही, पण तिचं उत्तर कंदील नव्हे. कंदिलाचा उजेड चौफेर पसरतो, हातात धरून चाललं तर आपल्याच डोळ्यांवर येतो आणि पायाखालचं धड दिसत नाही. वाटेसाठी टॉर्च किंवा कपाळावरचा हेडटॉर्च वेगळाच हवा. एकाच यंत्राकडून दोन्ही कामं करून घेण्याच्या हट्टापायी वजन आणि किंमत मात्र वाढते.

दिव्याचा घात अंधारात होत नाही, त्याआधी कपाटात होतो. जुन्या धाटणीच्या जड इमर्जन्सी लाईटमध्ये शिसे-आम्लाची बंद बॅटरी असते. ती रिकामी तशीच पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ती पुन्हा भरत नाही. दोन-तीन महिन्यांनी आठवणीने चार्ज करणाऱ्या घरात ती टिकते, बाकीच्यांकडे ती ऐन वेळी दगा देते. लिथियम-आयन सेल पडून राहिला तरी महिन्याला थोडासाच उतरतो, पण उष्णतेने आणि सतत पूर्ण भरलेला ठेवल्याने लवकर म्हातारा होतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा सेल मिळाला तर तो घ्यावा. तेवढ्याच ऊर्जेसाठी तो थोडा मोठा असतो, पण हजारो वेळा भरता येतो आणि तापून पेटण्याचा धोका त्यात कमी. म्हणूनच सहलीचा आणि आणीबाणीचा दिवा एकच असावा, असा माझा आग्रह आहे. जो दिवा दर महिन्या-दोन महिन्यांनी ट्रेकला, गच्चीवर, शेतावर वापरला जातो, त्याची बॅटरी जिवंत राहते आणि बटण कुठे आहे ते घरातल्या सर्वांच्या हातांना ठाऊक असतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. अशा वेळी दिवा शोधावा लागला तर तो असून नसल्यासारखा. बटण चाचपून सापडणारं हवं, आणि पहिल्या दाबाला मंद उजेड लागणारा दिवा सर्वांत चांगला.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, हा तरुण वाचकाचा प्रश्न रास्त आहे. पण संकटात मोबाइलचं काम माणसांना गाठण्याचं, ११२ लावण्याचं, हवामानाचा इशारा ऐकण्याचं. त्याची बॅटरी उजेडासाठी जाळणं महागात पडतं. याच्या उलट चूक म्हणजे मोबाइल चार्ज करणारा कंदील घेऊन निर्धास्त होणं. आजच्या ५००० एमएएचच्या फोनला सुमारे १९ वॉट-तास लागतात. वर पाहिलेला एका सेलचा कंदील पुरता रिकामा केला तरी तो फोन अर्धासुद्धा भरणार नाही, आणि उजेडही जाईल. फोनसाठी वेगळी पॉवर बँक ठेवावी. कंदिलाच्या डोक्यावर बसवलेल्या सौर पट्टीबद्दलही असंच. दहा बाय सहा सेंटिमीटरची पट्टी भर उन्हात जेमतेम एक वॉट देते. दिवसभरात फार तर तीन-चार वॉट-तास, तेही कंदील उन्हात तापवून. कोकणातल्या जून-जुलैत तेवढीही आशा नको. दहा वॉटचं घडीचं सौर पॅनेल वेगळं घेतलं तर मोकळ्या उन्हाच्या दिवशी तीसेक वॉट-तास मिळतात. निसर्गसारख्या लांबलेल्या अंधारात ते खरोखर कामाला येतं. मेणबत्ती आणि चिमणी स्वस्त आहेत हे खरं, पण तंबूत किंवा बंद खोलीत आगीची भीती आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका पत्करण्याइतकी ती बचत मोठी नाही.

पाण्याचं काय? पावसाच्या शिंतोड्यांना आयपीएक्स ४ हा दर्जा पुरतो. नदीकाठी राहणाऱ्यांनी आयपीएक्स ७ पाहावा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालेला दिवाही चालतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं, तशा वेळी हा फरक दिसतो. चार्जिंगचं तोंड टाइप-सी असावं आणि दुकानातच आपल्या फोनच्या चार्जरने ते चालतं का ते पाहावं. गोल पिनेचा खास चार्जर हरवला की दिवा संपला.

सर्वांत दुर्लक्षित गुण मात्र दुरुस्तीचा आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. अशा कंदिलाची काच फुटली तर काच, वात संपली तर वात वेगळी मिळे, आणि वात खाली करून उजेड हवा तेवढा कमीही करता येई. आजचे कित्येक कंदील चिकटवून बंद केलेले असतात. सेल थकला की अख्खा दिवा कचऱ्यात. आयआयटी मुंबईने लाखो विद्यार्थ्यांपर्यंत सौर अभ्यास-दिवे नेले, तेव्हा गावातल्याच लोकांना ते जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. दिवा वाटण्याइतकंच तो चालू ठेवणंही महत्त्वाचं, हे त्या उपक्रमाने ओळखलं होतं. घरच्या खरेदीतही स्क्रूने उघडणारा, सेल बदलता येणारा कंदील शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन घ्यावा, आणि सेलवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा हा क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो.

पूर किंवा वादळानंतर गावोगावची मंडळं आणि संस्था मदतीच्या गाड्या भरतात, त्यांत आता चार्जिंगचे दिवेही असतात. त्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. शंभर दिपवणारे दिवे पाठवण्याऐवजी मंद उजेडावर पाच रात्री चालणारे साठ दिवे पाठवा, उरलेल्या पैशांतून जादा सेल आणि काही घडीची सौर पॅनेलं घ्या, आणि ते सेल बदलता येणारा एक माणूस त्या गावात तयार करून या.