पोलादाचे चुंबकीय गुण
किती क्षेत्रास पोलाद किती चुंबकत्व धारण करतें, याचा आलेख ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकनयुक्त पत्र्याबाबत कारखानदारच देतो. तो पत्रा विकलाच जातो त्या गुणावर. शेंकडा ०.१८ च्या सुमारास कर्ब असलेलें साधें १०१८ जातीचें पोलाद मात्र ताकदीवर खपतें. चुंबकत्वाची चौकशी त्याचें गिऱ्हाईक करील कशाला? मग संगणकावर विद्युच्चुंबकाचें गणित मांडणारा अभियंता डेव्हिड मीकर यांच्या ‘फेम’ प्रणालींतला तयार आलेख उचलतो. पण थंडच ओढलेली कांब आणि तीच तापवून सावकाश निवविलेली कांब क्षीण क्षेत्रांत अगदीं निराळ्या वागतात. २ टेस्लाच्या सुमारास, संपृक्तावस्थेंत, हा भेद बहुतेक मावळतो. तेथें उसना आलेख खुशाल चालतो. अल्प प्रवाहावर चालणाऱ्या नाजूक रिलेकरितां मात्र त्याच कांबेचें कडें कापून, त्यावर तारेचे वेढे देऊन मोजलेलें बरें.