मज्जातंतूंचे मूक सेवक

लग्नमंडपात नवरदेव मिरवतो. परंतु मंडप घालणारे व पाणी भरणारे नसतील तर सोहळा पार पडत नाही. आपल्या शरीरातही निरोपांची ने-आण मज्जातंतू करतात. त्यांची निगा राखणाऱ्या आधारपेशींकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

हातापायांतील मज्जातंतूंना ज्या आधारपेशी वेढून असतात, त्यांना थिओडोर श्वान (1810–1882) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून श्वान पेशी म्हणतात. जाड तंतूंभोवती त्या मेदाचे वेष्टन गुंडाळतात. त्यामुळे निरोप सेकंदाला 100 मीटरपर्यंत धावू शकतो. वेष्टनाविना बारीक तंतूंत हा वेग सुमारे 1 मीटरच असतो. तंतू तुटल्यास नव्या अंकुराला वाटही याच पेशी दाखवितात.

दुर्दैवाने कुष्ठरोगाचा जंतू नेमका यांच्याच घरात शिरतो. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी 1873 साली तो शोधून काढला. त्याची वाढ अतिशय मंद. एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. श्वान पेशी बिघडल्या व तंतूला सूज आली, की निरोप खुंटतो आणि अंग बधिर होते. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन यांचा पाय 1884 साली कढत पाण्याने भाजला, तरी त्यांना वेदना झाली नाही. हीच या रोगाची खूण होय. 1889 साली ते निवर्तले. त्या काळी औषध नव्हते.

आज औषध आहे, तरी सिल्वासाच्या परिसराला हा रोग परका नाही. देशातील प्रमाण 2005 च्या अखेरीस दहा हजारांत एकाच्या खाली आले. दादरा व नगर हवेलीत मात्र ते पुढेही अनेक वर्षे अधिक राहिले. म्हणून 2015 पासून येथे रुग्णांच्या सहवासातील माणसांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला.

अंगावर फिकट वा तांबूस चट्टा उठून तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते व साधारण 6 ते 12 महिन्यांत रोग बरा होतो. परंतु औषध जंतूला मारते; पुरता नष्ट झालेला तंतू ते परत आणीत नाही. उपचार सुरू होताच संसर्गाचे भयही लवकर सरते. तेव्हा रुग्णाचे ताट वेगळे मांडू नका. त्याला वेळीच दवाखान्यात न्या.