आधी गोळी, मग रायफल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला पाटणकर बाजार म्हणजे चंबळच्या मुलखातलं एक मराठी नाव. या मुलखात खांद्यावरची परवान्याची बंदूक कुणाला नवलाची वाटत नाही. ती बहुधा बारा बोअरची नाहीतर ३१५ बोअरची. त्यामुळे इथल्या एखाद्या मुलीने ‘मला नेमबाजी शिकायचीय, कोणती रायफल घेऊ?’ असं विचारलं, तर घरातली मोठी माणसं जबर ताकदीच्या बंदुकांची नावं घेतील. नेमबाजीचा हिशेब मात्र दुसऱ्या टोकाकडून मांडायचा असतो. लक्ष्य किती लांब? तिथवर कोणती गोळी नीट जाईल? आणि ती गोळी कोणत्या नळीला मानवेल?

लक्ष्य दहा मीटरवर असेल तर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा पुरतो. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कंबर बारीक आणि डोकं चक्क सपाट! सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद उरत नाही. लांब पल्ल्यावर हेच डोकं हवेला अडतं, पण दहा मीटरवर त्याची फिकीर नाही. तिथे ‘दहा’चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे छऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढा. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेतल्या रायफलची ऊर्जा तर आठ ज्यूलच्याही आतच असते. सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

पन्नास मीटरवर गेलात की ‘पॉइंट टू-टू’चं राज्य. एनसीसीत ही रायफल अनेकांनी हाताळली असेल. तिचं ‘लाँग रायफल’ काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर.

या गोळीची खरी गंमत तिच्या संथपणात आहे. स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते, मुद्दामच ध्वनीच्या वेगाच्या खाली. त्याहून वेगवान गोळी वाटेत मंदावत ध्वनीचा वेग ओलांडते, तेव्हा हवेच्या धक्क्यांनी डळमळू शकते. नळीतले पीळ तिला सुमारे ४१ सेंटिमीटरला एक गिरकी देतात; म्हणजे सेकंदाला आठशे गिरक्या! तेवढ्या गरगरण्यामुळेच तिचं तोंड पुढे राहतं. पन्नास मीटरच्या प्रवासात ती नळीच्या रेषेपासून बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. ती घट आधीच दृष्टिरेषेत धरलेली असते.

या काडतुसाची ठिणगी त्याच्या बुडाच्या काठात भरलेली असते, म्हणून ते घरी पुन्हा भरता येत नाही. कारखान्यातून येईल ते घ्यायचं. आणि एकाच नावाच्या दोन लॉटांतही फरक पडतो. एका नळीतून ज्या लॉटची भोकं एकमेकांना चिकटून पडतात, तोच शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या रायफलमधून पसरतो. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्यांच्या चाचणी-केंद्रात जातात. तिथे ती शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडून बघतात, आणि जो जुळेल त्याचे पेटारे एकदमच विकत घेतात.